उकंडरावाने केलेला स्टेशनाचा सौदा

शहरातल्या एका साहेबाने उकंडरावाला फसवले. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्याकडे अजून उलटे सांगतात. सोनाळ्याच्या भाजीबाजारात कोणालाही विचारा, तो म्हणेल की उकंडरावाने सगळ्या बागाईतवाल्यांना बुडवले. असे म्हणणाऱ्यांत त्या दिवशी शहरात माझ्या शेजारी बसून उकंडरावाच्या पैशाचा चहा प्यालेली माणसेही आहेत. मी तिथे होतो. जे झाले ते मी पाहिले आहे.

शहराचे नाव लिहीत नाही. माझा माल अजून तिथे जातो.

उकंडराव हा आमच्या बाजारातला अडत्या. उंच, वाळका, डोक्याला पांढरा रुमाल आणि हातात बारा महिने छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला तर तो दुसऱ्याच्या छत्रीत शिरायचा. त्याची छत्री फक्त सौद्याची होती. हातातली छत्री काखेत गेली की समजायचे, उकंडराव उठला.

हे उठणे समजावून सांगितले पाहिजे. घासाघीस मी करतो. माझा आवाज चढतो, मानेच्या शिरा फुगतात, एकदा मी ताजव्याला लाथ मारली होती ते लोक अजून विसरत नाहीत. उकंडराव यातले काही करत नसे. भाव विचारी, ऐकून घेई, मालाकडे घरात कोणी आजारी असल्यासारखा बघे आणि छत्री काखेत घालून चालू लागे. चालही बेताची. पाय उचलायचा वेळेवर, टाकायचा उशिरा. मागे वळून बघायचे नाही, मान हलवायची नाही. पाचव्या-सहाव्या पावलाला मागून हाक आलीच पाहिजे. "अवो उकंडराव, ऐका तं खरं!" मग तो थांबे, पण लगेच वळत नसे. दुसरी हाक आली की वळे. सौदा दुसऱ्या हाकेत होई.

"तोंड कोनीबी लपवते," तो मला सांगायचा. "मानूस गेला हे पाठीवर दिसलं पाह्यजे. पाठ शिकव, म्हादेवा."

माझी पाठ कधी शिकली नाही. राग आधी पाठीतच दिसतो.

आमची ओळखही अशीच झाली. मी दुसऱ्याच्या मळ्यात बटईने मिरची लावली होती आणि पहिला तोडा घेऊन बाजारात बसलो होतो. घरून निघताना मनाशी एक भाव धरला होता. उकंडरावाने तो ऐकला, मिरचीकडे दुःखाने पाहिले आणि निघाला. माझा धीर सुटला. मी हाक मारली आणि तो म्हणेल त्या भावाने माल दिला. टोपले उचलताना तो खाली वाकून म्हणाला, "काऊन बोलावलं बे? अजून दोन पावलं दम धरला असता तं मीच पलटून राह्यलो होतो. तुया मिरचीसारखी मिरची आज बाजारात नाई."

मी तिथेच त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी धरले. तो शांतपणे म्हणाला, "मारतं कायले? पुढच्या बाजारी माह्याजवळ बस. शिकवतो." पुढच्या बाजारी मी त्याच्याजवळ बसलो आणि पुढे अनेक वर्षे तिथेच बसलो.

तो फक्त भाजीत उठत असे असे नाही. एकदा बाजारात हात पाहणारा एक जोशी आला. त्याने उकंडरावाचा हात पाहून सांगितले, "आयुष्य सत्तर वर्षे." उकंडरावाने स्वतःच्या तळहाताकडे नाराजीने पाहिले, छत्री काखेत घातली आणि निघाला. दक्षिणा अजून द्यायची होती. जोशी ओरडला, "अहो पाटील, या! बाजूची रेषा बघायची राहिली. अठ्ठ्याहत्तर!" उकंडराव थांबला. "ऐंशी!" जोशी म्हणाला. तेव्हा तो वळला.

"ऐंशी ठीक आहे," तो म्हणाला, "पन शेवटच्या दोन वर्षांत गुडघे नाई दुखले पाह्यजेत."

"नाही दुखणार."

"मंग घ्या."

डॉक्टरने पाच इंजेक्शने सांगितली तेव्हाही तो असाच उठला आणि तीनवर बसला. ताप उतरला ते डॉक्टरचे नशीब. मुलीच्या सोयरिकीत तो वराच्या बापाच्या बैठकीतून उठून बसथांब्यापर्यंत गेला होता. वराचा बाप चपला न घालता मागे पळत आला. उकंडरावाने समोर उभी असलेली बस जाऊ दिली, कारण व्याह्याला आधी श्वास घेऊ द्यावा, म्हणाला.

त्याला हरवलेले माणूस एकच, सरूबाई. ती माळीण, घरच्या मळ्यातली वांगी आणि सांभार घेऊन बसायची. सांभार म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. एकदा तिने वांग्याचा भाव सांगितला आणि उकंडराव उठला. पाच पावले झाली, सहा झाली. हाक येईना. आठव्या पावलाला त्याने आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून पाहिले. सरूबाई जागेवर नव्हती. तीही पदर खोचून उलट्या दिशेने चालली होती. मधे वांग्यांचा ढीग एकटा. तेवढ्यात एक गाय त्या ढिगाकडे निघाली. आधी पळत आला तो उकंडराव. छत्रीने गाय हाकलली आणि ढिगाजवळ राखणीला बसला.

सरूबाई आरामात परत आली. "का हो उकंडराव, माह्या मालावर काऊन बसले?"

"बाई, तुयी गायीशी सोयरीक हाय का?"

"गाय माहीच हाय," ती म्हणाली.

त्या दिवशी त्याने तिच्या भावाने वांगी घेतली आणि पुढे तिच्याशी सौदा करताना तो उठला नाही.

आता स्टेशनाचे.

महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. नवे राज्य, नवे साहेब, आणि शहरात सगळेच नव्याने बांधायची हौस. तिथले रेल्वे स्टेशनही नवे करायचे ठरले. समोर खांबांची देवडी, मोटारींना जागा, मधे कारंजे. याला आमची काही हरकत नव्हती. पण आमची टोपली पहाटेच्या गाडीतून ज्या पार्सल शेडमध्ये उतरत, ती शेड देवडीच्या आड येत होती. ती रुळांच्या पलीकडे, जुन्या कोळशाच्या आवारात हलवायची असे नकाशात होते.

शेड होती तिथून भाजीमंडी भिंतीपलीकडे. हमालाने टोपले डोक्यावर घेतले की लिलाव सुरू व्हायच्या आत माल ओट्यावर. कोळशाच्या आवारातून मात्र गाडा करून रेल्वेच्या मोठ्या फाटकातून वळसा घालावा लागणार होता आणि फाटक पहाटे गाड्यांमुळे उघडपेक्षा बंद जास्त. मिरची थांबते. वांगे थोडे थांबते. सांभार थांबत नाही. दिवस वर आला की लिलाव संपला, मग आमचा माल गुरांच्या तोंडी. शेड हलली की सोनाळ्याकडच्या बागाईतवाल्यांचा शहराचा धंदा संपला, सरळ हिशेब.

हरकती ऐकायला शहराची आणि रेल्वेची मिळून एक समिती नेमली होती. हे कळताच आमच्या बाजारात जी चर्चा झाली तशी कुठल्या विधानसभेत झाली नसेल. निंबाखाली चुन्याच्या फकीने स्टेशन आखले. उपडी टोपली म्हणजे फलाट. ज्यांनी आगगाडी फक्त लांबून पाहिली होती ते दोन नंबरचा फलाट रुंद करा म्हणून भांडत होते. एकाने पूल टोपल्यावरून न नेता खालून न्यावा असे सुचवले आणि त्यावर दोघांची धराधरी झाली. बुलढाण्याहून एक वकील आणले. बुलढाण्यात रेल्वे नाही, तरी वकीलसाहेब स्टेशन या विषयावर ऊन कलेपर्यंत बोलले.

शेवटी उकंडरावाने विचारले, "वकीलसाहेब, फलाटावर उभं राह्यलं तं गाडी कोन्या बाजूनं येते?"

"दोन्ही बाजूंनी येऊ शकते."

"वकील पक्का हाय," उकंडराव मला म्हणाला. "याले नेऊ नोका."

बोलायला उकंडरावानेच जायचे ठरले. तो कधी सौदा हरला नव्हता, वांग्यांचा एक सोडून. प्रश्न उरला मागायचे काय.

"शेड राहू द्या म्हना," सरूबाई म्हणाली. "दुसरं काय पाह्यजे?"

उकंडराव हसला. "पह्यल्या तोंडी खरा भाव सांगते का कोनी? शेड मांगितली तं अर्धी शेड भेटते. आधी चार गोष्टी मांगायच्या, मंग एक एक सोडायची, अन् शेवटी आपली शेड धरून बसायचं."

मग मागण्या काढल्या. शेडवर नवे पत्रे. पाण्याचा नळ. शेतकऱ्यांना टेकायला खोली. कारंजे देवडीसमोर नको, शेडसमोर पाहिजे.

"कारंजं आपल्याले कायले?" मी विचारले.

"सोडाले," उकंडराव म्हणाला.

आम्ही सातजण गेलो. स्टेशनाजवळच्याच एका कचेरीत समोरच्या भिंतीला मोठा नकाशा टांगला होता. टेबलामागे समितीतले साहेब एकटेच. पश्चिमेकडून बदलून आलेले, बारीक, चष्म्याचे, आवाज असा मऊ की पुढे वाकून ऐकावे लागे. आमचा अर्ज त्यांनी वाचलेला होता. उकंडराव बसतो न बसतो तोच ते म्हणाले, "पार्सल शेड हलवू नये, एवढंच तुमचं म्हणणं ना?"

उकंडरावाचा चेहरा पाहायला हवा होता. उभ्या आयुष्यात त्याचा खरा भाव कोणी असा पहिल्याच वाक्यात उघडा केला नव्हता. तो दचकून म्हणाला, "नाई नाई साहेब! एवढंच कसं? शेडचं तं नंतर पाहू."

"बरं. मग?"

"पत्रे पाह्यजेत."

"बरं." साहेबांनी लिहिले.

"नळ."

"बरं."

"शेतकऱ्याले टेकाले खोली."

"बरं. पुढे?"

आता उकंडरावाला घाम आला. तो माझ्या कानाशी आला. "म्हादेवा, हा नाई म्हनतच नाई. कुठंतरी गडबड हाय. आपुन स्वस्तात जाऊन राह्यलो."

त्याचे चूक नव्हते. आमच्या बाजारात जो पहिल्याच बोलीला हो म्हणतो त्याला एक तर माल घ्यायचा नसतो, नाही तर पैसे द्यायचे नसतात. म्हणून उकंडरावाने भाव वाढवला. बैलांना सावली. साहेब म्हणाले, बरं. कंदिलाऐवजी विजेचे दिवे. बरं. शेवटी कारंजे शेडसमोर हवे असे तो म्हणाला, तेव्हा साहेबांची लेखणी क्षणभर थांबली. उकंडरावाच्या तोंडावर हसू आले. आता घासाघीस सुरू होणार.

"कारंजं," साहेब म्हणाले आणि तेही लिहिले.

आता हातात एकच उपाय उरला होता. उकंडरावाने नकाशाकडे घरात कोणी आजारी असल्यासारखे पाहिले. छत्री काखेत घातली. "राहू द्या साहेब," तो म्हणाला. "आमचं काईच नाई म्हननं. बांधा तुमचं स्टेशन." आणि उठला.

सोबतीचा उठल्यावर बसून राहायचे नाही हा आमचा नियम, म्हणून आम्हीही उठलो. सरूबाई तेवढी बसली होती, तिला मी दंडाला धरून उठवले. हे मी कबूल करतो. खोली लांब होती. उकंडराव त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर चालला. पाठीवर काही म्हणजे काही दिसत नव्हते. पाच पावले. सहा. दार आले. दारात तो थोडा रेंगाळला, उंबरठ्यावर पाय पुसला. मागून साहेबांचा मऊ आवाज आला. आमचे सगळ्यांचे कान टवकारले.

"पुढचे कोण? टांगेवाले? या."

बाहेर ओसरीत उकंडराव बाकावर बसला आणि आम्हाला चहा सांगितला. "येते," तो म्हणाला. "नवं गिऱ्हाईक हाय. दम धरा."

टांगेवाले गेले, हमाल गेले, समोरचे हॉटेलवाले गेले. ते आत भांडत होते, रडत होते, एकाने तर जमिनीवर लोळण घेतली असे शिपाई सांगत होता. दार उघडले की आम्ही माना वर करायचो. एकदा शिपाई थेट आमच्याकडे आला. उकंडरावाने घाईने तोंड दुसरीकडे वळवले, पहिल्या हाकेला बघायचे नाही म्हणून.

"पाय वर घ्या," शिपाई म्हणाला. "झाडायचंय."

सरूबाई उठली. "मी जातो आत. शेड राहू द्या म्हनतो अन् येतो."

"तू गेली तं भाव पडते," उकंडराव म्हणाला.

"भाव कायचा हो? सांभार सडन माहा!"

"बस, बाई," मी तिच्यावर ओरडलो. "उकंडरावभाऊले समजते." हेही मी कबूल करतो.

उन्हे उतरली. साहेब बाहेर आले, आमच्याकडे पाहून ओळखीचे हसले, नमस्कार केला आणि मोटारीत बसले. शिपायाने कुलूप लावले. मी त्याला गाठून विचारले की आमचे काय लिहिले. त्याने सांगितले, "तुमचा कागद? साहेबांनी आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, हरकत मागे घेतली."

मी त्या कुलपाला लाथ मारली. कुलपाला काही झाले नाही. माझा अंगठा पंधरा दिवस सुजला होता.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. देवडी झाली, शेड रुळापलीकडे गेली, फाटकात गाडे अडकू लागले. पहिल्याच हंगामात सरूबाईचा सांभार चार वेळा काळा पडला. तिने शहर सोडले आणि गावच्या बाजारापुरते लावू लागली. मी मिरचीवर तगलो. बाकीचे उकंडरावाला शिव्या देऊ लागले आणि तो ऐकून घेई. त्याचे म्हणणे एकच होते.

"साहेब वाईट नाई बे. त्याले सौदा येत नाई. कोनी शिकवलंच नसन त्याले."

मला हे ऐकून जास्त राग यायचा. "भाऊ, त्यानं तुम्हाले गाढव बनवलं!"

"नाई बे. गडबडीत राह्यलं असन त्याचं. हाक मारन तो."

आमच्याकडे अशी रीत आहे की उठून गेलेल्या गिऱ्हाइकाला हाक आली नाही, तर थोड्या वेळाने त्याच दुकानासमोरून पुन्हा जायचे. दुकानाकडे बघायचे नाही. आपण दुसऱ्याच कामाला निघालो आहोत असे जायचे, पण सावकाश. दुकानदाराला दुसरी संधी द्यायची. यात कमीपणा नाही. दोघांचीही लाज राहते.

एकदा मी माल घेऊन शहरात गेलो होतो. लिलाव हुकला म्हणून चिडून चहा प्यायला स्टेशनाच्या पुढच्या बाजूला आलो. तिथे उकंडराव दिसला. त्याचा त्या दिवशी शहरात माल नव्हता, कोणी नातेवाईकही तिथे नव्हते. डोक्यावर धुतलेला रुमाल, काखेत छत्री. कचेरीच्या खिडकीसमोरून तो चालला होता, मान सरळ, पाय उचलायचा वेळेवर, टाकायचा उशिरा. टोकाला पानाच्या ठेल्यापर्यंत गेला. तिथे उगाच एक पान घेतले. परत निघाला. पुन्हा खिडकी. पुन्हा तीच चाल.

पानवाल्याला मी विचारले. तो म्हणाला, "हा बुढा? दर महिन्याला येतो. तीन फेऱ्या मारतो अन् बसनं जातो. कोनाची वाट पाहते, काय माहीत."

मी हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. माझ्या हाकेचा त्याला काय उपयोग होता? तिसऱ्या फेरीला तो खिडकीसमोर थोडा थांबला, चपलेतला खडा काढल्यासारखे केले, आणि मोटारींच्या गर्दीत गेला. मला तो तिथे दिसला तो तेवढाच. त्या हिवाळ्यात तो वारला. मातीला गेलो तेव्हा बाजारातले निम्मे लोक आले नव्हते.

साहेब, त्या सकाळी तुम्ही खिडकीत होता. मी काचेतून तुमचा चष्मा पाहिला. तुम्ही मान वर करून त्याच्याकडे बघितले आणि पुन्हा खाली घातली, तेही मी पाहिले. माझा प्रश्न साधा आहे. शेड हलवू नये एवढेच या लोकांचे म्हणणे आहे, हे आम्ही तोंड उघडायच्या आत तुम्हीच बोलून दाखवले होते. तुम्हाला ते माहीत होते. मग एक म्हातारा खुर्चीवरून उठला म्हणून ती रेघ कशी मारली? आणि पुढे महिन्यामागून महिने तो तुमच्या दारावरून जात असताना एकदाही "अहो, जरा या" एवढे का म्हणाला नाहीत?

आता तुम्ही पेन्शन घेत असाल. वेळ असेल. याचे उत्तर द्या. सोनाळा, भाजीबाजार, महादेव मिरचीवाला, एवढ्यावर टपाल पोचते. तोंडी निरोप नको. लिहून द्या आणि खाली सही करा.